टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने ॲव्हरेज वाढते का? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील नव्या गाडीमालकांसाठी

बेळगावात गाडी घेतली, मग ती नवी असो वा वापरलेली, की पहिल्या महिनाभरातच टायरच्या दुकानात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "साधी हवा की नायट्रोजन?" त्यापाठोपाठ नायट्रोजनने गाडी ॲव्हरेज जास्त देते, हेही सांगितले जाते. तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी हॅचबॅक घेतली तेव्हा मलाही तेच सांगण्यात आले. मी विश्वास ठेवला आणि पुढे वर्षभर नात्यातल्या, ओळखीतल्या प्रत्येकाला तोच सल्ला दिला. नंतर वही काढून हिशेब मांडल्यावर आपण कुठे फसलो ते ध्यानात आले. म्हणून नव्याने गाडी घेणाऱ्यांसाठी हे सारे क्रमाने लिहीत आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. इंधन वाचते ते टायरमधील योग्य दाबामुळे, आणि तो दाब कोणत्या वायूने आणला आहे याच्याशी रस्त्यावर धावणाऱ्या चाकाला काही देणेघेणे नसते. नायट्रोजनने दाब थोडे अधिक दिवस टिकतो, इतकाच त्याचा इंधनाशी संबंध आहे. तो "थोडे" म्हणजे किती, आणि त्यासाठी पैसे मोजावेत का, हे पुढे येईलच.

जवळ काय असावे: दाब मोजण्याचा स्वतःचा गेज, एक छोटी वही, गाडीसोबत मिळालेले माहितीपुस्तक आणि टायर खरेदीची पावती. पावती वॉरंटीसाठी लागते, ती गाडीतच न ठेवता तिची एक प्रत घरी ठेवावी. शक्य असल्यास गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंपही घ्यावा.

१. योग्य दाब किती, ते गाडीवरच वाचा

चालकाच्या बाजूचे दार उघडले की खांबावर, काही गाड्यांत दाराच्याच कडेला, एक लहान चिकटपट्टी दिसते. पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब तिच्यावर छापलेला असतो. बहुतेक पट्ट्यांवर दोन रकाने असतात, एक मोजकी माणसे असतानाचा आणि दुसरा गाडी भरलेली असतानाचा. सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा पंढरपूरला पाच जण आणि सामान घेऊन निघणार असाल तर दुसरा रकाना पाहावा, कारण त्यात मागच्या चाकांचा आकडा सहसा वाढवलेला असतो.

पट्टीवर आकडा पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच, पंपावर दाब याच मापात सांगतात) नसेल तर गोंधळू नये. २३० किलोपास्कल किंवा २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

इथे दोन चुका फार होतात. टायरच्या अंगावर कोरलेला दाब हा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा आकडा नव्हे. दुसरी चूक म्हणजे "सगळ्याला पस्तीस ठेवा" हा सल्ला, जो लहान हॅचबॅकपासून सात आसनी गाडीपर्यंत सर्वांना सरसकट दिला जातो. आपल्या गाडीचा आकडा पाठ करावा आणि तोच सांगावा.

हवा भरणारा मुलगा बऱ्याचदा कन्नडमध्ये विचारतो, "एष्टु हाकली?" म्हणजे किती भरू. तीसला मूवत्तु, तेहतीसला मूवत्मूरु आणि पस्तीसला मूवत्तैदु म्हणतात, एवढे तीन शब्द आले तरी काम भागते. मराठीही बहुतेकांना समजते. पण कंप्रेसरच्या आवाजात तीस आणि तेहतीस यांची गल्लत माझ्याबाबतीत दोनदा झाली आहे, म्हणून हल्ली मी बोटांनीही दाखवतो.

२. गेज स्वतःचा घ्या

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते. मलाही वाटत होती. एकदा सकाळी मी एका पंपावर चारही चाकांत ३३ भरून घेतले आणि तिथून जेमतेम किलोमीटरभरावर असलेल्या दुसऱ्या पंपावर सहज तपासायला सांगितले, तर तिथला काटा २९ वर थांबला. त्या गेजची काच आतून धुरकट झाली होती. मुलाने तिच्यावर दोनदा टिचकी मारली तेव्हा काटा ३० वर सरकला. चूक पहिल्या पंपाची होती की दुसऱ्याच्या, हे त्या दिवशी कळण्याचा मार्ग नव्हता आणि खरा त्रास तोच होता.

स्वतःचा गेज थोडा चुकीचा असला तरी रोज सारखाच चुकतो, त्यामुळे दाब घटला की वाढला हे तरी नक्की कळते. गेज घेतल्यावर एकदा एखाद्या चांगल्या टायरच्या दुकानातील अंकी यंत्राशी ताडून पाहावा आणि फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

३. दाब थंड टायरचाच मोजा

पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड किलोमीटर चाललेली असावी. सकाळी घराच्या दारात मोजणे सर्वांत चांगले. हमरस्त्यावरून निपाणीहून बेळगावला आल्यावर मोजले तर दाब तीन-चार पीएसआयने वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढू नये, कारण टायर थंड झाला की दाब पट्टीवरच्या आकड्याच्याही खाली जाईल.

आपल्या भागात दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली हवामानाची. तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरले की गाडीच्या टायरमधील दाब सुमारे दीड पीएसआयने उतरतो. मेमधील दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या गारठ्यात, टायर कुठेही गळत नसतानाही, तीन पीएसआयने कमी दिसू शकते. "नायट्रोजन तापमानाने फुगत नाही" असे दुकानात ठामपणे सांगितले जाते, पण ते खरे नाही. कोरडी हवा आणि नायट्रोजन या दाबांना तापमानाबरोबर सारख्याच प्रमाणात वाढतात आणि घटतात. वेगळी वागते ती पाण्याची वाफ. त्यामुळे खरा फरक ओलसर आणि कोरड्या वायूत असतो, आणि चांगल्या निगराणीच्या कंप्रेसरची हवाही पुरेशी कोरडी असते.

दुसरी गोष्ट घाटाची आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे आणि पणजी समुद्राच्या काठाला. गेज दाखवतो तो टायरमधील आणि बाहेरच्या हवेतील दाबांचा फरक. खाली बाहेरची हवा अधिक दाट असल्यामुळे बेळगावात ३३ दाखवणारा टायर गोव्यात, तापमान तेच धरले तर, ३२ च्या आसपास दाखवतो. चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या माझ्या एका मित्राला हा फरक पाहून टायर गळतो आहे असे वाटले आणि त्याने व्हॉल्व्ह बदलून घेतले. टायरात नायट्रोजन असता तरी गेजने हाच आकडा दाखवला असता. दोन-चार दिवसांच्या मुक्कामासाठी एवढ्या फरकाची चिंता करू नये.

४. नायट्रोजन नेमके काय करतो ते समजून घ्या

साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्या टक्क्यात मुख्यतः आर्गॉन असतो. दुकानातील यंत्र नायट्रोजन कुठून आणत नाही, ते बेळगावचीच हवा ओढून घेते, विशेष पडद्यातून किंवा कोळशासारख्या बारीक छिद्रांच्या पदार्थातून जाऊ देते आणि बहुतांश ऑक्सिजन बाजूला काढते. उरलेल्या वायूत साधारण ९५ टक्के नायट्रोजन असतो. आपण पैसे देतो ते या चाळणीचे.

टायरच्या रबरातून ऑक्सिजन हा नायट्रोजनच्या तीन ते चार पट वेगाने झिरपतो, म्हणून नायट्रोजन भरलेल्या टायरचा दाब हळू उतरतो. किती हळू, याची एक साधी चाचणी अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक नियतकालिकाने केली होती. ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआयवर भरून वर्षभर बाहेर ठेवले, तेव्हा हवा भरलेल्यांचा दाब सरासरी ३.५ ने आणि नायट्रोजन भरलेल्यांचा २.२ ने उतरला. म्हणजे बारा महिने कोणी टायरला हातही लावला नाही, तरी फरक १.३ पीएसआयचा.

आता रुपयांत पाहू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार चारही टायरचा सरासरी दाब एक पीएसआयने घटला की इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. समजा तुमची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते, लिटरला १६ देते आणि सोयीसाठी पेट्रोल शंभर रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ७५,००० रुपये होतो. वर्षअखेरचा फरक १.३ चा, म्हणजे वर्षभराची सरासरी ०.६५ ची. त्यातून होणारी बचत शंभर रुपयेही भरत नाही, आणि तीसुद्धा वर्षभर टायर तपासायचाच नाही असे ठरवले तर. महिन्याला एकदा साधी हवा बरोबर करून घेणाऱ्याला ही बचत जवळपास शून्य आहे. उलट चारही टायर नऊ पीएसआयने कमी ठेवून वर्ष काढणारा माणूस याच हिशेबाने सुमारे १,३५० रुपये घालवतो, शिवाय टायरच्या कडा आधी झिजतात ते वेगळेच.

"मग विमानात नायट्रोजन का भरतात?" असा प्रतिप्रश्न येतो, आणि प्रश्न चांगला आहे. त्यामागे इंधनाचे कारण नाही. विमान उतरताना ब्रेक भयंकर तापतात, आणि तापलेल्या टायरमधील रबराची वाफ ऑक्सिजनशी मिळून स्फोट होऊ शकतो. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एक बोइंग ७२७ याच कारणाने कोसळले आणि त्यातील सर्व १६७ जण दगावले. नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेला टायर ब्रेकच्या उष्णतेने हवेत असताना फुटला होता. आपली गाडी वंटमुरी घाट उतरते तेव्हा तिच्या टायरवर तशी वेळ येत नाही.

५. ॲव्हरेज मोजायचे तर नीट मोजा

माझी स्वतःची फसगत इथेच झाली. नायट्रोजन भरण्याआधी गाडी लिटरला १४.८ देत होती, भरल्यानंतरच्या टाकीला १६.१ आले. मी खूश झालो. वर्षभराने वही चाळताना दोन नोंदी नजरेस पडल्या. आधीची टाकी गणपतीच्या दिवसांतील होती, म्हणजे टिळकवाडी, शहापूर आणि खडेबाजार यांच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संपलेली. नंतरची टाकी मुख्यतः कोल्हापूरच्या दोन फेऱ्यांत, चौपदरी हमरस्त्यावर गेली होती. शिवाय नायट्रोजन भरण्याआधी दुकानातल्या मुलाने गेज लावून "साहेब, चोवीसच हाय की ओ" असे म्हटले होते, ते मला आठवले. म्हणजे त्या दिवशी टायरमधील वायू बदलला, दाब नऊने वाढला आणि रस्ताही बदलला. श्रेय मात्र मी एकट्या नायट्रोजनला दिले.

तुम्हाला स्वतः पडताळायचे असेल तर असे करा. आधी साध्या हवेने दाब पट्टीप्रमाणे करा आणि दर पंधरा दिवसांनी तो तेवढाच ठेवा. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर, पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, आणि पुढच्या वेळी तशीच भरून भागाकार करा. अशा निदान तीन टाक्या साध्या हवेवर, तीन नायट्रोजनवर आणि पुन्हा तीन हवेवर मोजा. रोजचा रस्ता तोच असू द्या, कारण चोर्ला घाट चढल्याचा किंवा एसी चालवल्याचा परिणाम ०.२ टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. डॅशबोर्डवरचा आकडा ढोबळ अंदाजापुरताच ठीक आहे, या कामाला वहीच बरी. मी हा प्रयोग केला तेव्हा तीन हवेच्या टाक्यांमध्येच आपसात जेवढा फरक आला, त्यापेक्षा हवा आणि नायट्रोजन यांच्यातला फरक कमी होता.

६. तरीही नायट्रोजन घ्यायचा असेल तर समोर उभे राहून भरून घ्या

नायट्रोजन घेण्यात वाईट काही नाही, पण पैसे देऊन हवाच घरी न्यायची नसेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

आधीची हवा पूर्ण सोडली जाते का, हे पहिले पाहावे. अनेक ठिकाणी टायरमधील २४ वर वरून नायट्रोजन भरून ३३ केले जाते आणि व्हॉल्व्हला हिरवे टोपण लावले जाते. हिशेब केला तर आत नायट्रोजनचे प्रमाण ७८ वरून जेमतेम ८१ टक्क्यांवर गेलेले असते. चाक जॅकवर उचलून हवा पूर्ण सोडली आणि एकदा भरले तर ९० च्या आसपास पोहोचते, कारण रिकाम्या वाटणाऱ्या टायरमध्येही बाहेरच्या दाबाची हवा उरतेच. तेच पुन्हा एकदा सोडून भरले की ९३ ते ९४ होते. म्हणून "दोनदा सोडून भरा" असे आधीच सांगावे. मला पहिल्या वेळी चाकामागे ४० रुपये पडले होते आणि सारे काम सात-आठ मिनिटांत उरकले होते. चार चाके दोनदा रिकामी करून भरायला तेवढा वेळ पुरत नाही, हे मला तेव्हा सुचले नाही.

काही यंत्रांवर शुद्धतेचा आकडा दिसतो, असल्यास तो पाहावा. पुढच्या वेळी दाब वाढवायला पैसे लागतील की फुकट, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. आणि भरून झाल्यावर स्वतःच्या गेजने दाब मोजावा, कारण नायट्रोजनच्या यंत्राचा गेजही शेवटी गेजच आहे.

साधी हवा घेणाऱ्यांनीही पावसाळ्यात एक काळजी घ्यावी. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचते आणि ते वेळच्या वेळी सोडले नाही तर टायरमध्ये जाते. नळीचा झोत क्षणभर कोरड्या कागदावर सोडायला सांगावे. कागदावर थेंब उमटले तर दुसरा पंप गाठावा. पेट्रोल पंपांवर हवा विनामूल्य देणे तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, तेव्हा फुकटची आहे म्हणून संकोच करू नये.

७. रस्त्यात दाब कमी झाला तर साधी हवा भरा

नायट्रोजनवर साधी हवा चालत नाही, ही सर्वांत धोकादायक समजूत आहे, कारण तिच्यापायी माणसे कमी दाबाने गाडी पुढे रेटतात. ३१ वर आलेल्या टायरमध्ये दोन पीएसआय साधी हवा घातली तर आतील नायट्रोजन एका टक्क्यानेही घटत नाही. जांबोटी, कणकुंबीच्या रस्त्याला असाल तर जो पंप भेटेल तिथे हवा घ्यावी.

हे मी नुकसान सोसून शिकलो. नायट्रोजन आहे, दाब उतरत नाही, या भरवशावर मी भर पावसाळ्यात दोन महिने गेज बाहेर काढला नव्हता. मागच्या उजव्या टायरमध्ये कुठेतरी खिळा घुसला होता. खिळ्याच्या भोकातून नायट्रोजनही हवेसारखाच निघून जातो. गाडी मागून किंचित डोलते आहे असे वाटले तोवर घाट मागे पडला होता. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून मूठभर काळी भुकटी निघाली. कमी दाबावर चालून टायरची भिंत आतल्या आत घासून गेली होती. असा टायर पंक्चर काढून वापरता येत नाही, बदलावाच लागतो. ते चाळीस रुपये मला एका टायरच्या किमतीला पडले.

८. नायट्रोजन कोणी घ्यावा

ज्यांची गाडी बहुतेक वेळ उभी असते त्यांना थोडा उपयोग आहे. मुलगा पुण्यात, गाडी चंदगड किंवा खानापूरकडच्या गावी, आणि ती निघते फक्त गणपतीला व मे महिन्यात, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथे दाब जरा हळू उतरतो आणि कोरडा वायू आत असल्याने रिम गंजण्याची शक्यताही कमी होते. ऑक्सिजन कमी असल्याने रबर आतून जुने होण्याचा वेगही मंदावतो, पण रोज चालणाऱ्या गाडीचा टायर त्याआधी झिजूनच बाद होतो. दुकानदार मोफत भरून देत असेल तर बेलाशक घ्यावा. बाकीच्यांनी तेच पैसे गेजला आणि वर्षाकाठी एकदा व्हील अलाइनमेंटला द्यावेत, कारण वाकडे चालणारे चाक रस्त्यावर घासत राहते आणि ते पेट्रोलही खाते, टायरही.

महिन्याच्या तपासणीत स्टेपनी विसरू नये. ती सामानाखाली दडलेली असल्यामुळे नायट्रोजन भरणाऱ्या दुकानातही बहुधा वगळली जाते. तिच्यात पट्टीवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याइतका दाब ठेवावा, म्हणजे ती कोणत्याही चाकाच्या जागी लावता येते. छोट्या तात्पुरत्या स्टेपनीचा आकडा मात्र वेगळा आणि बराच जास्त असतो. तो तिच्यावरच छापलेला असतो, तेवढाच भरावा.